गुरव बाई आल्या होत्या

उपस्थितांच्या यादीत सातव्या ओळीवर ‘सौ. सखू संदेश सनगरे, पालक प्रतिनिधी, मिरजोळे’ असं छापलेलं होतं, आणि ते वाचताना ज्ञानेश्वरी रेवाळेचं बोट त्या ओळीवरच थांबलं. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. शिक्षण विभागाच्या सभागृहात शिपाई अजून खुर्च्या पुसत होता, खिडकीबाहेर कुणाची तरी दुचाकी चालू होता होत नव्हती, आणि तिच्यासमोर तिनेच दोन महिने खपून केलेल्या मसुद्याच्या बारा प्रती रचून ठेवल्या होत्या. सखू. शाळेत पोर असलेल्या, म्हणजे तिशीतल्या बाईचं नाव सखू असतं का? त्या वयाच्या सगळ्या स्वप्नाली, नाहीतर प्रियांका, नाहीतर रूपाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्ञानेश्वरीने हजेरीपटावर किती मुलींची नावं लिहिली असतील. त्यात सखू एकच होती, आजीचं नाव लावलेली, लांज्याच्या वरच्या अंगाला गवळकोंडच्या शाळेत चौथीला. सखू बाबू गोताड. पण लग्नानंतर आडनाव बदलतं. तिचं स्वतःचं नव्हतं का बदललं? गवळकोंडला ती गुरव बाई होती, सत्तावीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी. इथे रत्नागिरीत तिला सगळे रेवाळे मॅडम म्हणत होते आणि गेली सहा वर्षं ती शिक्षण विस्तार अधिकारी होती. म्हणजे जिच्या येण्याची कुणकुण लागली की शाळांतले गुरुजी कपाटं उघडून वह्या पुऱ्या करायला बसतात, ती बाई.

आणि आजची सभा त्या वह्यांचीच होती. जिल्हा परिषदेच्या शाळांवर वरून लादलेल्या नोंदवह्या, अहवाल, ॲपवरच्या माहित्या यांतलं काय काय काढून टाकता येईल ते जिल्ह्यांनी कळवावं, असं पत्र राज्याकडून आलं होतं. समिती नेमली गेली आणि मसुदा करायचं काम आपसूक ज्ञानेश्वरीकडे आलं. तिने ते मनापासून केलं. एकूण सदुसष्ट बाबी निघाल्या. मुलांनी हात धुतल्याच्या फोटोची नोंद. लावलेल्या झाडांची नोंद, आणि ती झाडं मेली तर त्याची वेगळी. ज्या महिन्यात काही घडलंच नाही त्या महिन्याचा ‘निरंक’ असा अहवाल, आणि तो वेळेवर गेला नाही तर त्याचा खुलासा. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि त्या दोनांतला एक कायम माहिती भरत बसलेला. तिने स्वतः ते भोगलं होतं. सदुसष्टांतल्या अठ्ठेचाळीस बाबींवर लाल रेघ मारताना तिला रान माजलेल्या परड्यात कोयता चालवावा तसं मोकळं वाटलं होतं. फक्त एकेचाळीस क्रमांकापाशी, ‘सतत गैरहजर विद्यार्थी : गृहभेट नोंदवही’ या ओळीपाशी हाताने जरा घाई केली. इतकी, की रेघ ओळीच्या खालून गेली आणि पुन्हा मारावी लागली. ही वही सगळेच खोटी लिहितात, तेव्हा ती गेलेलीच बरी, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण अशा खऱ्या गोष्टीच्या आडोशाला बसून राहायची तिला बावीस वर्षांची सवय होती.

नियम साधा होता. मूल सलग तीन दिवस शाळेत आलं नाही, तर शिक्षकाने घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, काय बोलणं झालं ते वहीत लिहायचं आणि खाली पालकाची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. गवळकोंडला त्या आठवड्यात सखू मंगळवारपासून आली नव्हती. दुसरे गुरुजी मतदार याद्यांच्या कामाला तालुक्याला गेलेले, चारही वर्ग एकटीच्या गळ्यात, आणि सोमवारी वार्षिक तपासणी. सखूचं घर सड्यापलीकडे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मधे नुसता जांभ्याचा उघडा कातळ. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ज्ञानेश्वरी निघाली होती. हे तिला पुष्कळदा स्वतःला सांगावं लागे, की मी निघाले होते. घाटी चढून सड्याच्या तोंडाशी पोचली, वाळल्या गवताचा करपट वास आला, दम लागला म्हणून ती थांबली, आणि थांबल्यावर तिला टेबलावर उघड्या टाकून आलेल्या सात वह्या आठवल्या. ती परत फिरली. कंदील लावायच्या आत चार वह्या पुऱ्या झाल्या. पाचवी गृहभेटींची. ‘गृहभेट दिली. मुलीस ताप आहे. आठ दिवसांत शाळेत पाठवते, असे आईने सांगितले.’ अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. मग खालची रिकामी जागा राहिली. तिने पाच मिनिटं त्या जागेकडे पाहिलं असेल, मग शाईचं पॅड ओढलं आणि स्वतःचा डावा अंगठा त्यावर दाबला. पॅड सुकलेलं होतं, म्हणून जोर लावावा लागला. एवढंच. सोमवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात ‘गृहभेटींच्या नोंदी आदर्श’ असं लिहिलं. आदल्याच दिवशी, रविवारी, चुलता केरू सखूला मुंबईला घेऊन गेला होता, नालासोपाऱ्याला कुणाचं तरी मूल सांभाळायला. ते ज्ञानेश्वरीला पंधरा दिवसांनी कळलं. तिने हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ लिहिलं. नवऱ्याला, बहिणीला, कुणालाच तिने हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? कोणी मेलं नव्हतं.

खुर्च्या भरत गेल्या. उपशिक्षणाधिकारी घाणेकर साहेब आले, संगमेश्वरकडच्या दोनशिक्षकी शाळेतला निलेश मयेकर शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून आला, आणि त्याच्या मागून मोरपंखी साडीतली एक बाई दारात चपला काढायच्या की नाही अशी घोटाळली. शिपाई म्हणाला, राहू द्या. ती आत आली. डाव्या भुवईत मधेच तुटलेली रेघ होती. चिंचेवरून पडली होती ती दुसरीत, हळद दाबून धरली होती तेव्हा ज्ञानेश्वरीनेच. ओळख पटायला तेवढंच पुरे झालं. “नमस्कार मॅडम,” सखू म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर सरळ पुढे घेऊन समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची असतात तशी तिच्या बोटांची टोकं काळसर झाली होती. सखूने मात्र तिला ओळखलं नाही. कसं ओळखणार? चष्मा, रंगवलेले केस, अंगाने भरलेली, आणि समोर पाटीवर रेवाळे. ज्ञानेश्वरीला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच मग भीती वाटली. तिने मसुदा वाचायला सुरुवात केली. आवाज ठीक होता. एक क्रमांक, दोन, सात, अकरा. लोक मान डोलवत होते, मधे हसत होते. झाडं मेल्याच्या नोंदीला घाणेकर साहेबसुद्धा हसले. सखूनेही काही ठिकाणी “हे गेलं ते चांगलं झालं, आमच्या सानवीचे गुरुजी मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत,” असं म्हणून घेतलं. छत्तीस. अडतीस. चाळीस.

“एकेचाळीस,” घाणेकर साहेबांनीच वाचलं. “गृहभेट नोंदवही. हजेरी रोज ॲपवर जातेच, त्यामुळे काढावी असं मॅडमनी सुचवलंय. कुणाला काही?”

“काढाच, साहेब,” निलेश म्हणाला. “कुठला शिक्षक जातो? जायला वेळ आहे कुठे?”

“साहेब, मी बोलू काय?” सखू म्हणाली आणि शाळेत उभं राहतात तशी उठून उभी राहिली. साहेबांनी बसा बसा म्हटलं तरी बसली नाही. “ही एक वही काढू नका. मी चौथीत असताना माझी शाळा सुटली. चुलत्यानं मुंबईला नेलान, मूल सांभाळायला. सहा वर्षं व्हते तिकडं. त्या घरात मला वाटायचं, की मी नाहीशी झालेय हे कोनाला कळलं पन नसेल. परत आल्यावर दाखला न्यायला शाळेत गेले, तर हेडमास्तरांनी जुनी वही काढून दाखवलानी. तिच्यात लिवलेलं व्हतं. आमच्या गुरव बाई माझ्यासाठी घरी आल्या होत्या. साहेब, तो सडा तुम्ही बघितला नाय. माणूस दिवसा चालायला कंटाळतो. बाई तो तुडवून आल्या माझ्यासाठी. मी त्या वेळी पाण्याला गेलेली असेन, मला दिसल्या नाय.” तिने पदर सारखा केला. “मग मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. पोर पोटात असताना पेपर दिले. म्हटलं, बाईंचं चालणं फुकट जाता नये.”

निलेशने पेनाचं टोपण लावलं. “मग पाठवलं का नाही आईने?” त्याने हळूच विचारलं.

“आवशीनं बाईंना खोटं सांगितलान,” सखू म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सपाट झाला. “म्हने ताप आलाय. मला तापबीप काय नव्हता. वर अंगठा पन दिलान. आणि आता विचारलं तर म्हणते, कोन बाई आलीच नव्हती. लिवलेलं खोटं कसं असेल? पंधरा वर्षं झाली. सणावाराला जाते, भांडी घासते, येते. बोलत नाय मी तिच्याशी.”

ज्ञानेश्वरीला टेबलाची कड दिसत होती, तिच्यावरचा सुटलेला सनमायका दिसत होता. कमळा. सखूच्या आईचं नाव कमळा, पालक सभेला एकदाच आली होती, दाराजवळ उकिडवी बसली होती आणि बोलायला सांगितल्यावर पदरात तोंड लपवून हसली होती. आपण तिच्या तोंडी जे वाक्य घातलं ते एका पोरीने पंधरा वर्षं खरं मानलं, आणि तिच्या खऱ्या आईला खोटं ठरवलं. बावीस वर्षं ज्ञानेश्वरीने या गोष्टीला अनेक बाजूंनी पाहिलं होतं; नियमाची चूक, तपासणीची चूक, आपलं वय, आपला थकवा. ही बाजू कधी दिसली नव्हती. आता गप्प राहणं किती सोपं होतं! वही ठेवू या, एवढं म्हटलं की झालं. सखू खूश, साहेब खूश, आणि गुरव बाई तो सडा कायमची चालत राहील, एका बाईच्या मनात तरी. ती श्रद्धा कशाला मोडायची? तिच्या बळावर दहावी पास झाली ती पोर. हा विचार इतका गोड होता, की ज्ञानेश्वरीने तो जवळजवळ गिळलाच होता. पण त्या गोडव्याच्या खाली दाराजवळ उकिडवी बसलेली कमळा होती.

“मॅडम?” घाणेकर साहेब म्हणत होते. “ताई म्हणतात त्यात तथ्य आहे. ठेवू या का ही? तुमचं मत?”

“ती भेट झाली नव्हती,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

साहेबांना समजलं नाही. “कुठली?”

“ह्यांच्या घरची. मी गवळकोंडला होते तेव्हा. माहेरची मी गुरव.” ती सखूकडे पाहून बोलू पाहत होती, पण नजर त्या तुटक्या भुवईच्या वर जात नव्हती. “सखू, मी सड्याच्या तोंडापर्यंत आले आणि परत फिरले. घरी पोचलेच नाही. तुझी आई मला भेटली नाही, ती काही बोलली नाही. तापाचं मी मनाने लिहिलं.”

सखू अजून उभीच होती. दाराशी शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला आणि कुणी हात केला नाही म्हणून तसाच थांबला.

“मग अंगठा कोनाचा?”

“माझा.”

सखू खाली बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. घाणेकर साहेब खाकरले. “मॅडम, हे... हे इतिवृत्तात घ्यायला नको. जुनी गोष्ट आहे. उगीच चौकशी वगैरे लागेल.”

“घ्या साहेब. माझ्या नावानिशी घ्या.”

“मग माझंही घ्या,” निलेश टेबलाकडे पाहत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “गेल्या वर्षी अकरा भेटी लिहिल्यात मी. तीन केल्या.”

त्यानंतर जे बोलणं झालं ते ज्ञानेश्वरीने केलं खरं, पण ते दुसरंच कोणी आपल्या तोंडून बोलतंय असं तिला वाटत होतं. ती म्हणाली, वही काढा, भेट ठेवा. शनिवारची शाळा सुटली की पुढचा वेळ शिक्षकाकडे कुणी कसलीही माहिती मागायची नाही, हे वरच्यांनी लिहून द्यायचं. तेवढ्या वेळात तो मुलांच्या घरी जाऊन येईल. साहेबांनी विचारलं, गेला की नाही याचा पुरावा काय? माहीत नाही, असं ती म्हणाली. त्या खोलीत तिने हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले असतील. साहेबांनी एकेचाळीससमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं आणि बेचाळीसवर गेले. पुढे तो मसुदा तसाच मुंबईला गेला, त्याचं काय झालं ते कुणी कळवलं नाही, आणि ज्ञानेश्वरीला महिन्याभराने जे पत्र मिळालं ते खुलासा मागणारं होतं. पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं.

सभा संपल्यावर ती व्हरांड्यात आली तेव्हा सखू कठड्याला टेकून उभी होती. हातात मोबाईल होता. रडली नव्हती. “आवशीला फोन लागत नाय,” ती म्हणाली. “लागून पन उपयोग नाय. काय सांगू फोनवर? दीडची गाडी हाय. तुमी माझ्यासंगती चला आणि तुमीच सांगा तिला. माझ्या तोंडून नको.” ती मॅडमही म्हणाली नाही, बाईही म्हणाली नाही. ज्ञानेश्वरीने पर्स खांद्याला लावली.

एसटीत दोघी एका बाकावर बसल्या, मधे सखूची पिशवी. मिरजोळ्याचे कारखाने मागे पडले, मग कलमांच्या बागा लागल्या, मोहोराचा उग्र, डोकं धरायला लावणारा वास खिडकीतून आत आला. पालीपर्यंत सखूने खिडकीबाहेरून नजर काढली नाही. ज्ञानेश्वरीला वाटत होतं, तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान त्या सहा वर्षांत काय काय झालं ते सांगावं म्हणजे ते ऐकायची शिक्षा तरी मिळेल. नालासोपाऱ्यातलं ते घर तिने मनात कितीदा उभं केलं होतं, आणि दर वेळी त्यातली माणसं बऱ्यापैकी चांगली ठेवली होती. पाली सुटल्यावर सखूने खिडकीबाहेर पाहतच विचारलं, “सड्यापर्यंत आल्या होत्या म्हनालात. मग परत का गेल्या?”

“तपासणी होती.”

सखूने मान हलवली, कंडक्टरने गाडीची वेळ सांगावी आणि आपण बरं म्हणावं तशी. त्या मान हलवण्याने ज्ञानेश्वरीला जे झालं ते सभेतही झालं नव्हतं. तिने पुढच्या बाकाचा दांडा धरला आणि लांजा येईपर्यंत सोडला नाही.

आता सड्यावरून वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला होता. लांज्याहून घेतलेली रिक्षा दहा मिनिटांत पलीकडे गेली. दहा मिनिटं. कमळा पडवीत सुपात कुळीथ पाखडत बसली होती. केस पांढरे, अंगाची काडी झालेली. नवरा बाबू आणि दीर केरू, दोघंही कधीच गेले होते. अवेळी आलेल्या लेकीला बघून ती दचकली. “काय गो? पोर बरी हाय ना?”

“बरी हाय. आय, ह्या गुरव बाई.”

कमळाने सूप बाजूला ठेवलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं, बराच वेळ बघितलं. “आता आलात?” ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीने अंगणात उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं तशी आली नाहीत. ती संपली तेव्हा कमळा म्हणाली, “काय लिवलं व्हतात माझ्या नावावर? वाचून दावा.”

वही इथे नव्हती, पण वहीची गरजही नव्हती. “मुलीस ताप आहे,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आठ दिवसांत शाळेत पाठवते, असे आईने सांगितले.”

“असं मी बोलली नसती, बाई.” कमळाच्या आवाजात राग नव्हता, ती फार दिवस कुणी न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देत होती. “केरू पोरीला न्यायला बसलेला. हिच्या बापसानं हो म्हटलेलान. मला कोन विचारतंय? शाळंत येऊन तुमाला सांगायला मला घराभायेर सोडनार नव्हते. पन मला ठाव व्हतं, तीन दिस पोर शाळंत गेली नाय की बाई घरी येते. शेजारच्या मथुराच्या पोराला बघायला तुमी आल्या होत्या, ती बोललेली मला. म्हनून मीच हिला मंगळवारपासून घरात ठेवली. हिला सांगितलं, माझं आंग दुखतंय, ऱ्हा माझ्याजवळ. म्हटलं, बाई आली की तिच्या पायावर घालीन पोरीला. बाईसमोर हिच्या बापसाचं तोंड उघडलं नसतं.” तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. “आयतवारी सकाळपतोर मी पडवीतच बसलेली.”

रिक्षावाल्याने वळणावर एकदा हॉर्न वाजवला. सखू पायरीवर उभी होती ती खाली बसली, आईच्या गुडघ्याला लागून. थोड्या वेळाने कमळाचा हात तिच्या पाठीवर आला. ज्ञानेश्वरी अंगणात तशीच उभी राहिली. तिला कुणी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.